दोन दीर्घिकांची गळामिठी नाशिकजवळून कशी पाहावी

आकाशनिरीक्षणात नवा आलेला माणूस पहिला प्रश्न दुर्बिणीचा विचारतो. किती इंची घेऊ, किती हजारांची घेऊ? त्यावर मी आधी एवढंच विचारते, की वणीच्या रस्त्यानं जाणार की सिन्नरच्या?

हे विचारण्यामागे कारण आहे. आपल्याला पाहायची असलेली दीर्घिकांची, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या दोन समूहांची, जोडी उत्तरेच्या आकाशात असते, आणि शहराचा उजेड आपल्या कुठल्या बाजूला राहतो यावर ती दिसणार की नाही हे ठरतं. वणीच्या पलीकडच्या माळावर सहा इंची, म्हणजे सहा इंच रुंद आरशाच्या, दुर्बिणीत जे स्पष्ट दिसतं, ते शहरातल्या गंगापूर रोडच्या गच्चीवर बारा इंचीतूनही नीट दिसत नाही. दीर्घिका हा ताऱ्यासारखा ठिपका नसतो, तो पसरलेला मंद उजेड असतो. आभाळच दुधाळ असेल तर तो त्यात विरघळून जातो, मग आरसा कितीही मोठा असो.

ही जोडी म्हणजे एम ५१, म्हणजे भोवरा दीर्घिका, आणि तिला बिलगलेली छोटी एनजीसी ५१९५. एम आणि एनजीसी ही आकाशातल्या वस्तूंच्या याद्यांची नावं, एम म्हणजे मेसिएची यादी. अंतर अडीच ते तीन कोटी प्रकाशवर्षं. एकमेकींना ओढणाऱ्या दीर्घिकांच्या सगळ्या जोड्यांत नवख्या माणसाला सापडायला ही सर्वांत सोप्यांपैकी एक. एक गोष्ट आधीच सांगते. यातली मोठी अस्सल सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारख्या वळलेल्या भुजांची आहे, छोटीला मात्र नीट सर्पिल म्हणता येत नाही, तिचा आकार बिघडलेला आहे. दोन्ही सर्पिल असलेल्या जोड्याही नाशिकवरून दिसतात, पण त्या मंद आहेत. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

घरी बसून आधी एवढं समजून घ्या

दोन दीर्घिका आदळतात म्हटलं की डोळ्यांपुढे दोन ट्रक येतात. प्रत्यक्षात तसं काही होत नाही. सूर्य द्राक्षाच्या दीड सेंटिमीटरच्या मण्याएवढा धरा आणि तो नाशिकला ठेवा. त्या मापानं सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरवर पडेल, म्हणजे सरळ रेषेत जवळजवळ अमरावतीला. मधे सगळं रिकामं. त्यामुळे दोन दीर्घिका एकमेकींतून गेल्या तरी तारे ताऱ्यांवर आपटत नाहीत. बदलतो तो आकार. चंद्र समुद्राच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो आणि लांबच्या बाजूला कमी, म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर भरती येते. तीच तऱ्हा इथे, फक्त पाण्याऐवजी ताऱ्यांची आणि वायूची. जवळची बाजू जास्त ओढली जाते, लांबची मागे राहते, आणि भुजा ताणल्या जातात, शेपट्या निघतात, दोघींच्या मधे पूल तयार होतो. वायूचे ढग मात्र खरोखर एकमेकांवर दाबले जातात, आणि त्या दाबातून नवे तारे जन्मतात. फोटोत भोवऱ्याच्या भुजांवर जे गुलाबी ठिपके दिसतात, ती अशी जन्मस्थानं.

हे सगळं गणितानं सिद्ध करायला वेळ लागला. १९४१ साली स्वीडनच्या एरिक होल्मबर्गनं टेबलावर दिवे मांडून ते पाहिलं. एका दीर्घिकेसाठी ३७ दिवे, दुसरीसाठी ३७. अंतर वाढलं की उजेड ज्या प्रमाणात कमी होतो त्याच प्रमाणात गुरुत्वाकर्षणही कमी होतं, म्हणून प्रत्येक जागी किती उजेड पडतो ते मोजायचं, तेवढी ओढ धरायची, आणि दिवा त्या मापानं थोडा सरकवायचा. पुन्हा मोजायचं, पुन्हा सरकवायचं. मला हा प्रयोग फार आवडतो. संगणक हाताशी नाही म्हणून तो माणूस थांबला नाही. पुढे १९७२ मध्ये आलार आणि युरी तूम्रे या भावांनी संगणकावर एम ५१ सह चार जोड्यांची नक्कल केली आणि पूल-शेपट्या निव्वळ गुरुत्वाकर्षणातून तयार होतात हे दाखवलं.

रात्र कोणती

पंचांग काढा. वद्य सप्तमीपासून शुद्ध तृतीयेपर्यंतच्या रात्री आपल्या. संकष्टीचा उपास धरणाऱ्या घरात हे वेगळं समजवायला लागत नाही. त्या दिवशी चंद्रोदय रात्री साडेनऊ-दहाच्या आसपास, आणि पुढे रोज साधारण पाऊण तासानं उशीर. म्हणजे संकष्टीनंतर तीन-चार दिवस थांबलं, की मध्यरात्रीपर्यंतचं आभाळ मोकळं.

महिन्यांत सर्वांत चांगल्या दोन अमावास्या. एक फाल्गुनातली, गुढीपाडव्याच्या आधीची. हवा तेव्हा स्वच्छ असते, पण जोडी पुरेशी वर यायला रात्रीचे अकरा वाजतात. दुसरी चैत्रातली. तेव्हा साडेनऊलाच ती ५० अंशांच्या वर असते, आणि साडेअकरा-बाराच्या सुमाराला उत्तरेला सर्वांत उंच, जवळजवळ ६३ अंशांवर. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर चैत्रच धरा. वैशाखातली अमावास्या आली की क्षितिजावर धुरकट थर बसतो आणि ढगांची ये-जा सुरू होते.

जागा: शहर पाठीशी घ्या

पहिल्या वर्षी आम्ही सिन्नरच्या पलीकडे एका माळावर गेलो होतो. जागा सुंदर, वारा नव्हता, दुर्बीण चांगली होती. पण नाशिक वायव्येला राहिलं, आणि उत्तरेकडचं आकाश खालून वर पिवळट होत गेलेलं. दोन तास शोधून हात हलवत परत आलो. पुढच्या महिन्यात तीच दुर्बीण वणीच्या पुढे नेली आणि दहा मिनिटांत सापडली.

म्हणून या जोडीसाठी शहराच्या उत्तरेला जा. दिंडोरी पंचवीस किलोमीटर, पण तिथपर्यंत उजेड पाठ सोडत नाही. वणी चाळीस किलोमीटर, तिथून पुढे सुरगाण्याच्या दिशेला वळलं की आकाश झपाट्यानं काळं होतं. सप्तशृंगी गडाचे दिवे कुठल्या बाजूला पडतात तेवढं बघा आणि आडोसा धरा. दुसरा रस्ता पेठचा, सावळघाट उतरून पलीकडे. त्र्यंबकहून हरसूलकडे गेलात तर शहर पूर्वेला राहतं. तेही चालतं, आणि दक्षिणेच्या जोड्यांसाठी तीच बाजू चांगली.

जागा दिवसा जाऊन बघून या. रात्री अंधारात विहिरीचा कठडा दिसत नाही, आणि मोबाईलच्या नकाशावर काटेरी कुंपण येत नाही. कुणाच्या शेतात, बांधावर, बागेत विचारल्याशिवाय उभं राहू नका. गावातल्या पोलीस पाटलांना एक फोन करून ठेवला की रात्री कुणी गाडीजवळ येऊन चौकशी करत नाही. जिल्ह्यात बिबट्या आहे, उसाच्या फडाजवळ तर नक्कीच. एकट्यानं जाऊ नका, मुलांना गाडीपासून लांब सोडू नका, आणि उसाला लागून मांडामांड करू नका. हे मी घाबरवायला सांगत नाही, पण यात सूट द्यायला मी तयार नाही.

द्राक्षपट्ट्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. शेतीची लाइट पुष्कळदा रात्रीची असते, त्यामुळे शेतकरी रात्री अकरा-बाराला पाणी द्यायला बाहेर पडतात. एकदा आम्ही उभे होतो तिथे बागेतले काका आले आणि बॅटरीचा झोत थेट आमच्या तोंडावर. अंधाराला सरावलेले डोळे गेले. त्यांना सांगितलं, काका, तारे बघतोय, तुम्हीपण बघा. त्यांनी बॅटरी विझवली, डोळा लावला आणि बराच वेळ हलले नाहीत. मग म्हणाले, "दोन दिवे दिसतात. एक मोठा, एक बारका. धुक्यात समोरून गाडी येती ना, तसे." मी आजवर जितक्या जणांना ही जोडी दाखवली त्यांपैकी इतकं अचूक वर्णन कुणी केलेलं नाही. नवख्या माणसाला मी आता हेच सांगते: धुक्यातले दोन दिवे शोधा.

सोबत काय

दुर्बीण नसेल तर १०×५० ची, म्हणजे दहा पट आणि ५० मिलिमीटर भिंगांची, द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. खऱ्या अंधारात तीत एम ५१ एक पुसट डाग म्हणून दिसते, दोन वेगळ्या दिसत नाहीत. दोन दिवे वेगळे दिसायला चार ते सहा इंची दुर्बीण लागते. भुजांचा संशय यायला आठ इंची, आणि भुजा आहेत असं छातीठोक म्हणायला दहा-बारा इंची. विकत घेणार असाल तर आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण. खोक्यावर सहाशे पट, सातशे पट असं छापलेली लहान दुर्बीण घेऊ नका. दीर्घिकेला पट लागत नाहीत, उजेड गोळा करणारा आरसा लागतो.

टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद दुहेरी करून रबरानं बसवा. योगा मॅटचा तुकडा नळीच्या तोंडाला गुंडाळून पुढे वीतभर काढा, म्हणजे दव आत बसत नाही. फाल्गुनात पहाटे कधी कधी दव पडतं, आणि आरशावर ओल बसली की आभाळ खराब झालं असं वाटत राहतं. आमची एक आख्खी पहाट त्या समजुतीत गेली आहे. स्वेटर, पाणी, बसायला खुर्ची. खुर्ची विसरू नका, उभ्यानं वाकून बघणारा माणूस दोन मिनिटांत डोळा काढतो. पोहोचल्यावर दुर्बीण लगेच बाहेर काढून ठेवा, आरसा हवेच्या तापमानाला यायला अर्धा तास घेतो. तोच अर्धा तास तुमच्या डोळ्यांनाही लागतो. त्या वेळात मोबाईल खिशात.

आकाशातली वाट

सप्तर्षी शोधा. चैत्रात रात्री दहाच्या सुमाराला ते उत्तरेला उंच, उलट्या पळीसारखे असतात. पळीच्या दांड्याचं टोक म्हणजे मरीची. त्याच्या आधीचा वसिष्ठ, ज्याच्या शेजारी अरुंधती.

आता वसिष्ठापासून मरीचीपर्यंत मनात रेघ ओढा. मरीचीपाशी काटकोनात वळा, दांड्याची कमान ज्या बाजूला आत वाकते त्या बाजूला. वसिष्ठ ते मरीची जेवढं अंतर, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त गेलात की तिथे एम ५१ आहे. हात लांब करून दोन बोटं आडवी धरली की जवळपास तेवढंच. ती श्यामशबल तारकासमूहात येते, पण त्या समूहाचा इथे उपयोग नाही, सगळी वाट मरीचीवरूनच.

शोधक दुर्बिणीत, म्हणजे मुख्य नळीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीत, असं करा. मरीची मधोमध आणा. त्याच्या पश्चिमेला दोन अंशांवर एक मध्यम तेजाचा तारा त्याच क्षेत्रात दिसेल. नकाशात तो २४ श्यामशबल. तो मधे घ्या, आणि तिथून दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे झुकत, जवळजवळ दोन अंश सरका. इथेच बहुतेकांची गफलत होते. आपण उत्तरेला तोंड करून बघतो आहोत आणि जोडी ध्रुवाच्या वर आहे. अशा वेळी दक्षिण म्हणजे खाली नाही, दक्षिण म्हणजे वर, डोक्याच्या दिशेला. पश्चिम डावीकडे. छापील नकाशा उत्तर वर ठेवून काढलेला असतो, म्हणून तो चक्क उलटा धरा. नाशिकवरून ध्रुवतारा अवघा २० अंश वर असतो. त्याच्याकडे पाठ न फिरवता नजर वर नेत गेलं की दक्षिण आपोआप कळते. आणखी एक गाठ म्हणजे शोधक दुर्बीण स्वतःच चित्र उलटं दाखवते. घरी संध्याकाळी लांबच्या टॉवरवर लावून ती काय उलटं करते ते एकदा पाहून ठेवा.

डोळ्याजवळ सर्वांत कमी पटीचं भिंग लावून सुरुवात करा. आठ इंचीला २५ मिलिमीटरचं भिंग म्हणजे साधारण ४८ पट. हळूहळू सरकवत राहा. सापडली की १० मिलिमीटरचं लावा.

डोळा लावल्यावर

पहिल्यांदा काहीच नाही असं वाटेल. थांबा. मग एक धुरकट पुंजका, त्याच्या शेजारी दुसरा लहान. दोन्हींच्या केंद्रात एकेक ठळक ठिपका, दोन ठिपक्यांतलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या सातव्या हिश्शाएवढं. हे दिसलं की तुम्ही पोहोचलात. शार्ल मेसिएनं १३ ऑक्टोबर १७७३ ला मोठी नोंदवली, आणि लहान पिएर मेशँला मार्च १७८१ मध्ये सापडली. सहा इंचीतून तुम्हाला दिसतं आहे ते त्यांना दिसलं त्याच्या जवळचंच.

आता सरळ बघणं सोडा. पुंजक्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघा आणि लक्ष मात्र पुंजक्यावर ठेवा. डोळ्याच्या मध्यभागापेक्षा कडेचा भाग मंद उजेडाला जास्त जाणतो. तिरप्या नजरेनं मोठ्या दिव्याभोवतीचा धूर एकसारखा नाही हे कळायला लागतं, कुठे दाट, कुठे फिकट. नळीला बोटानं हलकी टिचकी मारली तर हलणारी वस्तू पटकन नजरेत येते. दीर्घ श्वास घ्या, श्वास रोखून बघू नका, डोळ्याला प्राणवायू कमी पडला की मंद उजेड आधी जातो. दहा-पंधरा मिनिटं असं बसलात तर आठ इंचीत एखाद्या क्षणी वळसा दिसून जातो, आणि पुन्हा हरवतो. तो क्षण खरा असतो.

रंग दिसणार नाहीत. गुलाबी, निळं काही नाही, सगळं राखाडी. हे आधी सांगितलं नाही तर मुलं हिरमुसतात. माझ्या भाच्याला मी निघण्याआधी गाडीतच सांगितलं होतं. त्यानं डोळा लावला, आणि दोन वेगळ्या आहेत हे स्वतःहून ओळखल्यावर त्याचा आवाज असा काही चढला की बांधापलीकडची टिटवी ओरडत उठली.

जे दिसेल ते लगेच कागदावर काढा, पेन्सिलनं, लाल उजेडात. चित्रकला यावी लागत नाही. १८४५ मध्ये आयर्लंडच्या बर इथे लॉर्ड रॉसनं १८३ सेंटिमीटर व्यासाच्या धातूच्या आरशातून हीच जोडी पाहिली आणि हातानं चित्र काढलं. सर्पिल आकार माणसानं पहिल्यांदा ओळखला तो त्या चित्रात. ती आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका आहे हे त्याला माहीत नव्हतं, ते १९२० च्या दशकात ठरलं. आधी चित्र काढलं, अर्थ नंतर लागला.

फोटो हवा असेल तर सीस्टारसारखी छोटी स्मार्ट दुर्बीण दहा-दहा सेकंदांचे फोटो एकावर एक रचते, आणि पंधरा-वीस मिनिटांत भुजा मोबाईलवर येतात. छान आहे, पण पहिल्या रात्री ते करू नका. पडद्याच्या उजेडात डोळे जातात, आणि शेजारच्या माणसाचेही.

मग दुसऱ्या जोड्या

चैत्रात अंधार पडताच एम ८१ आणि एम ८२ बघा. दोन्ही कमी पटीच्या एकाच क्षेत्रात मावतात, अंतर १.२ कोटी प्रकाशवर्षं, नाशिकवरून ४१ अंशांपर्यंत वर येतात. एम ८१ च्या ओढीनं एम ८२ मध्ये ताऱ्यांच्या जन्माचा पूर आला आहे. एक गोल, एक सुरीसारखी, सहा इंचीत फरक लगेच कळतो. खरं तर काही जणांना भोवऱ्यापेक्षा हीच आधी दाखवावी.

दोन्ही सर्पिल हव्यात तर कन्या राशीत एम ५८ शोधा. तिच्या नैर्ऋत्येला अर्ध्या अंशाहून थोड्या अंतरावर एनजीसी ४५६७ आणि ४५६८, सयामी जुळी. आठ इंचीत इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसतात. अडचण एवढीच, की नाशिकवरून ती जवळजवळ डोक्यावर, ८१ अंशांवर जातात आणि डॉब्सोनियनला डोक्यावरचं आकाश फिरवायला अवघड. थोडी कललेली असताना धरा.

हस्त नक्षत्रातली अँटेना जोडी, एनजीसी ४०३८ आणि ४०३९, दक्षिणेला ५१ अंशांवर येते. तूम्रे बंधूंच्या चारांपैकी एक. रॉसच्या बरमधून ती १८ अंशांवर, क्षितिजाच्या धुरात. इथे आपण भाग्यवान आहोत. हिच्यासाठी हरसूलची बाजू धरा, वणीहून शहराचा उजेड आड येतो.

डोळ्यांना कधीच न दिसणारा भाग म्हणजे हायड्रोजन वायूच्या लांब शेपट्या. त्या रेडिओ लहरींत दिसतात. पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना जाता येतं. फेब्रुवारीअखेर तिकडे जाऊन या, मग फाल्गुनातल्या अमावास्येला वणी.

जूनमध्ये ढग आले की दुर्बीण पुसायच्या भानगडीत न पडता झाकणं लावा, भिंगांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा त्या बदला. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर पंधरा दिवसांनी, नाहीतर भिंगावर बुरशी चढते. उघडीप झाली की कार्तिकातल्या अमावास्येला रात्री आठ-नऊला डोक्याजवळ देवयानी दीर्घिका साध्या डोळ्यांनी बघा. २५ लाख प्रकाशवर्षांवरून ती आपल्या आकाशगंगेकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरनं येते आहे. चार-पाचशे कोटी वर्षांनी टक्कर होणारच, असं पूर्वी ठामपणे सांगत. २०२५ मध्ये आलेल्या गणितानुसार पुढच्या हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मी आणि हुकण्याचीही निम्मी. तिच्यासाठी कुठलाही रस्ता चालेल, सिन्नरचासुद्धा.